टोपाचं अस्तर

"टाका जरा लांब घाल की. टोपाचं अस्तर शिवतीयस का पैठणीचा पदर?" आबा सोप्यातून कुरकुरले.

खंडेनवमीचे ऊन कोवळे, हळदउटीचे; झेंडूच्या राशीवरून रांगत आले आणि पाटावरच्या शिरटोपापाशी थबकले. श्यामल पोलादाचा, घुमटमाथ्याचा, कडीकडीच्या झालरीचा तो टोप. नाकावर उतरलेली पट्टी, कपाळी तुऱ्याची नळी, डाव्या कानाशी खड्गाचा खोल वण.

एके काळी त्याने रणधूळ पाहिली. मग तोफा आल्या, पोलाद थिटे पडले. पुढल्यांनी फेटे बांधले, त्यापुढल्यांनी पलटणीच्या टोप्या घातल्या. टोप उरला पूजेपुरता. पण पूजेआधी त्यात नवे अस्तर घालायचे, घरचा जो गडी सरहद्दीवर, त्याच्या डोक्याच्या मापाचे. गडी दूर, निदान डोक्याची जागा तरी घरात ऊबदार असावी. आणि गडी पडला, तर त्या साली टोप उघड्या पोलादानेच पुजायचा. अशी रीत.

आबांचा लेक हणमंता दोन वर्षे हिमाखाली. पलटणीच्या पत्रात शब्द होता, बेपत्ता. काय मऊ शब्द, शेवरीच्या कापसासारखा. सारे घर त्यावर डोके टेकून होते.

वैजयंता, त्याची बायको, शिवत होती. लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला तिनेच दोरीने त्याचे माप घेतले होते. "घेर मोठाय," तो म्हणाला होता, "आत काय असंल म्हणून भिऊ नको." आता तीच दोरी तिच्या मांडीवर, शुभ्र, शिथिल, वर्तुळ विसरलेली.

टाका, आणि टाका. तिळाएवढा, मोहरीएवढा. शिवण चालू होती तोवर अस्तर टोपात घालायचे नव्हते, आणि घालायचे नाही असेही कुणी म्हणायचे नव्हते. गेल्या साली सासूसाठी शिवले, यंदाही सासूसाठीच. म्हातारीचा धीर सुटू नये.

"वैजे, उन्हं वर आली," आबा म्हणाले. त्यांची नजर मात्र उन्हाकडे नव्हती, झेंडूतही नव्हती, कुठेच नव्हती.

"दोरा गुततोय, मामंजी."

तेव्हा हौसाबाई उठल्या. सुनेपाशी बसल्या. सुरकुतल्या, राखाडल्या बोटांनी त्यांनी सुई तिच्या हातातून अलगद काढली, जसा निजलेल्या लेकराच्या मुठीतून खाऊ काढावा.

"राहू दे, पोरी. तू माझ्यासाठी शिवायचं, मी तुझ्यासाठी बघत बसायचं, किती दिस? टोप उघडाच पुजू. आपला हणमंता गेला."