किड्यांची जागा

श्यामसुंदर रेडकरला एक गोष्ट फार उशिरा कळली. जो ऐकून घेतो, त्यालाच लोक बोलतात.

कोपरखैरणे गावाच्या मागे खाडी आहे. ओहोटीला पाणी हटलं की खारफुटीच्या पुढे चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. जुन्या धक्क्याच्या उजव्या हाताला, त्या चिखलात वीतभर खाली, गळाला लावायचे किडे मिळतात. लालसर, लांब, दोन्ही कडांना बारीक पायांची झालर असलेले. मासा त्यांच्यावर तुटून पडतो. श्यामसुंदर तुर्भ्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचा आणि रविवारी इथे गळ टाकून बसायचा. बावीस वर्षं हेच चाललं होतं. पूर्वी ते चार-पाच जण असत. हाताने उकरून दहा-बारा किडे काढायचे, करवंटीत ओल्या चिखलात ठेवायचे आणि धक्क्यावर जाऊन बसायचं. आता रविवारी तीस-चाळीस जण फावडी घेऊन उतरत होते आणि बादल्या भरून नेत होते.

मार्चमधल्या एका रविवारी तो धक्क्यावरून खाली उतरला, तर सुमित्राबाई मढवी समोर उभ्या. गावातल्या. साठीच्या पुढच्या. ओहोटीला चिखलात हात घालून निवट्यांसारखे चिखलातले मासे, चिंबोऱ्या आणि खुब्यांचे शिंपले धरणाऱ्या पाच-सहा बायकांमध्ये सगळ्यात जुन्या. कमरेला टोपली, साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, आणि चेहरा असा की श्यामसुंदरला वाटलं, आल्या पावली परत जावं.

"ओ शाम, तुमचे लोकांना सांगा जरा! यो काय चिखल हाय का नांगरलेला शेत?"

"ते माझे लोक नाहीत, मावशी."

"गल तुमच्या हातान, गल त्यांच्या हातान. मंग कोनाचे? माझे?"

त्यांनी त्याला हाताला धरून नेलं. सगळीकडे खड्डे. कुठे गुडघाभर, कुठे मांडीभर. शेजारी काळ्या, कुबट वासाच्या चिखलाचे ढीग. एका ढिगात सुमित्राबाईंनी हात घातला आणि मूठभर खुबे काढून त्याच्या तळहातावर ठेवले. सगळे तोंड उघडून मेलेले.

"खालचा काला चिखल वर टाकला का हे गुदमरून मरतान. किडं गेलं का निवटी जातान, चिंबोरी जातं. आनी मासा काय तुमच्यासाठी उपाशी यील? काल सकालपासून फिरते. टोपलीत चार निवट्या हायत. चार!"

श्यामसुंदरने मान हलवली. इथेच त्याची चूक झाली. बाकीचे चाळीस जण 'हो मावशी, हो मावशी' म्हणत खोदत राहिले. मान हलवली ती याने, म्हणून पुढचे सगळे रविवार मावशी फक्त यालाच बोलल्या.

मुळात तो भांडकुदळ नव्हता. कारखान्यात खराब माल बाजूला काढतानासुद्धा तो हळू आवाजात सांगायचा. पण त्या खुब्यांचा वास दोन दिवस हाताला राहिला, आणि मंगळवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पहिल्या कार्यालयात त्याला सांगितलं, "झाडं आमच्याकडे येतात. चिखल नाही."

दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, "भरतीच्या रेषेच्या आत आमचं काही नाही. तुम्ही मासेवाल्यांकडे जा."

तिसऱ्या कार्यालयातल्या बाईंनी अर्ज पूर्ण वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "किडा हा मासा आहे का?"

"नाही."

"मग कसं करायचं? इथे माशाच्या जातीचा रकाना आहे."

"मासे हेच खाऊन जगतात, मॅडम."

"ते खरं. पण रकाना माशाचा आहे." त्यांनी थोडा विचार केला. "खेकडा चालतो. खेकड्याचं काही आहे का?"

श्यामसुंदरने खेकड्याचं लिहिलं. अर्जावर शिक्का बसला. त्या अर्जाचं पुढे काय झालं, ते त्याला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग त्याने गळवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं. ग्रुपचं नाव 'खाडीचे शिलेदार', माणसं दोनशे चौदा. तो स्वतः त्या ग्रुपचा ॲडमिन होता. कधीतरी कोणीतरी त्याला करून टाकलं होतं. त्याने दोन रात्री बसून नीट मसुदा केला. माणशी वीसच किडे. फावडं नको, हाताने किंवा खुरप्याने काढायचे. खड्डा लगेच बुजवायचा. आणि धक्क्यापासून कालव्याच्या तोंडापर्यंतचा अर्धा पट्टा सहा महिने बंद, म्हणजे किड्यांची पुन्हा वाढ होईल.

पहिलं उत्तर आलं ते गुलाबाच्या फुलाचं, 'शुभ सकाळ'. मग केयूर नावाच्या एका नव्या मेंबरने लिहिलं, 'खूप छान माहिती सर.' मग आणखी सतरा जणांनी अंगठा दाखवला. मग एकाने विचारलं, 'समुद्रात किडे काय कमी आहेत का?' मग त्यावर तासभर भांडण, ते कोणत्या तरी निवडणुकीपर्यंत पोचलं. शेवटी रात्री सनी नावाच्या एकाने लिहिलं, 'सर लोकेशन पाठवा ना.'

"तू कशाला डोकं आपटतोस?" त्याची बायको सरोजिनी म्हणाली. "मासे तर तू आणत नाहीसच. आता निदान शांत तरी बस."

तो शांत बसला नाही. गावकीतल्या दोन माणसांना भेटून त्याने फलक लावायची परवानगी घेतली. मुलगी श्रुती चित्रकलेच्या कॉलेजात होती, तिने पत्र्यावर सुंदर अक्षरात लिहून दिलं: 'किड्यांची जागा. कृपया खोदू नका.' खाली एक लाल किडाही काढला, इतका हुबेहूब की सरोजिनीने तो पत्रा घरात ठेवू दिला नाही. श्यामसुंदरने स्वतः बांबू रोवून फलक उभा केला. दोन पावलं मागे जाऊन बघितला. बरं वाटलं त्याला.

पुढच्या रविवारी तिथे साठ माणसं होती.

त्याला आधी काही कळेना. पनवेल, डोंबिवली, कुठून कुठून आलेली अनोळखी माणसं, कोऱ्या गमबुटातली. एकाला विचारलं, तर त्याने मोबाईल पुढे केला. तेजस नावाच्या कुठल्याशा पोराने रील टाकलं होतं. पोरगा फलकाला टेकून उभा आणि ओरडतोय, 'गाईज, नवी मुंबईतला बेस्ट वर्म स्पॉट! बोर्ड पण लावलाय बघा, किड्यांची जागा! पत्ता शोधायचं टेन्शनच नाय!' ऐंशी हजार लोकांनी ते पाहिलं होतं.

श्यामसुंदर चिखलातून तडक फलकापर्यंत गेला आणि दोन्ही हातांनी बांबू उपटायला लागला. तो निघेना. त्यानेच चांगला खोल रोवला होता. तो दात खाऊन हलवत राहिला. शेवटी मागून एक हात आला, सुमित्राबाईंचा. दोघांनी मिळून तो उपटला.

"मंग?" त्या म्हणाल्या.

"बोलू नका, मावशी. आज नको."

"मी कुटं बोलते?" पण त्या बोलल्याच. "बोरड लावून कोन थांबतं? घरात दाराला कुलूप लावताव, पाटी लावताव का 'चोरी करू नका'? मानूस उभा करावा लागतं इथं. ओहोटीच्या टायमाला. दर ऐतवारी."

"कोण उभा राहणार?"

सुमित्राबाईंनी फक्त त्याच्याकडे पाहिलं.

त्यानंतर श्यामसुंदरचं गळ टाकणं बंद झालं. दर रविवारी ओहोटीची वेळ पाहून तो यायचा. बायकांनी अर्ध्या पट्ट्याभोवती काठ्या रोवल्या, त्यांना जुन्या जाळ्याची दोरी बांधली. तो दोरीजवळ उभा राहून एकेकाला सांगायचा. दादा, ही बाजू बंद आहे. दादा, त्या बाजूला काढा, पण हाताने. दादा, खड्डा बुजवा. काही जण ऐकत. काही जण विचारत, "तू कोण?" दुसऱ्या बाजूला सुमित्राबाई असत. त्यांना कोणी 'तू कोण' विचारत नसे, कारण विचारायच्या आतच त्यांनी त्याचं फावडं काढून घेतलेलं असे.

महिनाभरात गर्दी निम्म्यावर आली. रीलवाल्यांना दुसरी जागा मिळाली असावी. श्यामसुंदरला वाटायला लागलं, जमतंय. आणि तेव्हाच धर्मराज आला.

धर्मराज जगदाळेचा कळंबोलीला ट्रान्सपोर्टचा धंदा. मूळचा साताऱ्याकडचा. पाण्याला घाबरणारा हा माणूस श्यामसुंदरच्या नादाने गळ टाकायला शिकला, आणि मग सतरा वर्षं दोघं एकाच धक्क्यावर शेजारी बसले. श्यामसुंदरच्या वडिलांना खांदा देणाऱ्या चौघांत तो होता. त्या रविवारी श्यामसुंदरला यायला उशीर झाला, सुमित्राबाईही पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होत्या. तो पोचला तेव्हा धर्मराज दोरीच्या आत होता. ड्रायव्हर-क्लीनर मिळून चार माणसं, चार फावडी. रंगाची मोठी बादली किड्यांनी निम्मी भरलेली.

"धर्मा, ही बाजू बंद आहे."

"माहितीय की. म्हनूनच तर हितं चांगलं निघत्यात." धर्मराज हसला. "पुण्याची पाव्हणी आल्यात. होडी केलीय. आठ जण हायत, चारा नको व्हय?"

"कोलंबी लाव. बोय माशाच्या फोडी लाव."

"आता तू मला शिकवनार?"

"मीच शिकवलंय तुला."

तिथे तो हसायचा थांबला. "शाम्या, लेका, तू कधीपास्नं सरकार झालास रं? दोरी कुनाची? जागा कुनाची? कागद दाव."

कागद होता तो खेकड्याचा. श्यामसुंदरच्या डोक्यात तीन महिने साठलेलं सगळं एकदम वर आलं. ते गुलाबाचं फूल, तो रकाना, ते ऐंशी हजार. त्याने बादली उचलली आणि चिखलात पालथी केली. किड्यांचा लाल गुंता वळवळत पसरला.

धर्मराजने बादलीचा दांडा धरून ओढला. श्यामसुंदरने सोडला नाही. एक पाऊल मागे टाकलं, तर मागे खड्डा. वर पातळ चिखल साचलेला, दिसलाच नाही. तो कमरेपर्यंत आत गेला, आणि डावा पाय खाली कुठेतरी आडवा मुडपला.

पहिल्यांदा माणसं हसली. मग त्याने वर यायचा प्रयत्न केला, तसा तो आणखी चार बोटं खाली गेला, आणि त्याचा चेहरा पाहून हसणं थांबलं. कालव्याच्या तोंडाशी पाणी वळलं होतं. भरती लागली होती.

"हलू नको!" सुमित्राबाई लांबूनच ओरडल्या. धावत नव्हत्या, चिखलात धावता येत नाही. पाय तिरके टाकत, सरकत आल्या. "कोनी जवल जाऊ नका, तुमीपन जाल! शाम, पाठीवर पड. मागं पड, मागं. भिऊ नको."

धर्मराजने ऐकलं नाही. तो पोटावर आडवा झाला, शर्टासकट, आणि सरपटत पुढे येऊन त्याने श्यामसुंदरच्या दोन्ही काखांत हात घातले.

"असा ओढू नको, पाय मोडंल त्याचा!" सुमित्राबाई आता गुडघ्यांवर होत्या आणि पायाच्या कडेने हाताने चिखल उकरत होत्या, भराभरा, कोपरापर्यंत, चिंबोरीच्या बिळात घालावा तसा हात घालून. "आदी पाय मोकला होऊं दे. पानी जाऊं दे आत. हां. आता वड. हलू. हलू, मेल्या, बैल हाय का तू?"

पंधरा मिनिटं लागली. पाणी दोरीपर्यंत आलं तेव्हा तो बाहेर आला, एक बूट खाली ठेवून. घोट्याजवळ हाड चिरलं होतं. धक्क्यापर्यंत त्याला धर्मराजने पाठीवर घेतलं. बोलल्या त्या फक्त सुमित्राबाई, पूर्ण वाटभर, आणि पहिल्यांदाच श्यामसुंदर सोडून दुसऱ्या कोणालातरी.

सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. धर्मराज दवाखान्यात आला, सरोजिनीशी बोलला, केळी ठेवून गेला. श्यामसुंदरशी बोलला नाही. श्यामसुंदरही बोलला नाही. त्याला अजून राग होता, आणि त्या पंधरा मिनिटांत मानेवर लागणारा धर्मराजचा घाबरलेला श्वास आठवला की त्या रागाचं काय करावं हे कळत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी तो काठी टेकत धक्क्यावर गेला. ओहोटी होती. बंद पट्ट्यातले खड्डे पावसाने आणि भरतीने बरेचसे भरले होते, आणि चिखलावर किड्यांची टाचणीच्या टोकाएवढी बारीक छिद्रं दिसत होती. फार नाही. पण होती. कडेला दोन-तीन निवट्या उड्या मारत होत्या.

दोरीजवळ धर्मराज उभा होता. पाठमोरा. समोर पाच-सहा पोरं फावडी घेऊन, आणि धर्मराजचा कळंबोलीच्या यार्डातला आवाज धक्क्यापर्यंत येत होता.

"हितं नाय खोदायचं! सरकारी जागा हाय. कायदा झालाय नवा. मागल्या ऐतवारी तिघांना उचलून न्हेलं पोलिसांनी, अजून सुटल्याली नाहीत!"

पोरं एकमेकांकडे बघत मागे सरकली. एकाने फावडं पाठीमागे लपवलं.

असा कायदा नव्हता. कोणाला उचलून नेलं नव्हतं. खोटं चालवून घेणं श्यामसुंदरच्या रक्तात नव्हतं. त्याने सांगायला तोंडही उघडलं. शेजारी टोपली घेऊन उभ्या असलेल्या सुमित्राबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं.

त्याने तोंड मिटलं.