बोगुश जिंकला तेव्हा

"जरा दमानं घे रे बाबा, त्याची आजी बसलीय पहिल्या रांगेत," बोगुशच्या तोंडात पाणी ओतत सेवेरिननं बजावलं. मॅनेजर, ड्रायव्हर आणि जखमा पुसणारा, तिन्ही कामं सेवेरिनकडेच.

"मी कुठं मारतोय? तोच येऊन आदळतोय."

"मग बाजूला हो की!"

बोगुशचा धंदाच तो होता. पोलंडमधून व्हॅननं जर्मनीत यायचं, रिंगमध्ये तिथल्या उगवत्या बॉक्सर पोरासमोर उभं राहायचं, न पडता सगळ्या फेऱ्या काढायच्या आणि गुणांवर हरून परत जायचं. नीट हरणारा माणूस म्हणून त्याला चांगली मागणी होती. जिंकणाऱ्या पाहुण्याला परत कोण बोलावतं?

आज मात्र पंचाईत होती. बोगुशच्या गावात आजवर झुंजींची फक्त पोस्टरं पोचायची, निकाल नाहीत. त्यामुळे गावाच्या लेखी बोगुश म्हणजे परदेश गाजवणारा गडी. आज अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दलप्रमुख हिएरोनिमनं पडदा ताणला होता. खारवलेले मासे आणि व्होडका घेऊन अख्खं गाव थेट प्रक्षेपण बघत बसलं होतं, आणि सगळ्यांच्या पुढे बोगुशची आई. तिनं त्याची एकही झुंज कधी पाहिली नव्हती.

अडतिसाव्या वर्षी बोगुशला पहिल्यांदाच जिंकावंसं वाटलं. फार नाही. एकदाच, आईदेखत.

घंटा झाली. तो जर्मन पोरगा, टोबियास, हनुवटी पुढं काढून धावत आला. बोगुश बाजूला झाला नाही. डावा ठोसा बसला. पोरगं आधी खाली बसलं, मग सावकाश आडवं झालं. आजी किंचाळली.

इकडे गावात हिएरोनिमला आनंद आवरेना. त्यानं सरळ आगीचा भोंगा दाबला. भोंगा आणि पडदा एकाच फ्यूजवर. भोंग्यानं एक आचका दिला आणि हॉल काळाठिक्कर पडला.

"जिंकला!" अंधारात कोणीतरी ओरडलं. शंका कोणालाच आली नाही. शंका यायला माणूस शुद्धीवर लागतो.

तिकडे रेफरीनं आकडे असे मोजले, की मधल्या वेळात कोणी चहा पिऊन आलं असतं. टोबियास उठला. उरलेल्या फेऱ्यांत त्यानं बोगुशचा डावा डोळा पार बंद करून टाकला. शेवटी हात वर गेला तो टोबियासचा.

"हरलास ते झकास," व्हॅनमध्ये सेवेरिन म्हणाला. "पण तो ठोसा कशाला हाणलास, गाढवा? आता फोन यायचे बंद होतील."

बोगुशनं काचेला डोकं टेकलं.

रविवारची प्रार्थना सुटायला आणि व्हॅन गावात शिरायला एकच गाठ पडली. चर्चसमोर अग्निशमन दलाचं बँडपथक चकचकीत टोप घालून उभं. हिएरोनिमनं अशी मिठी मारली की दुखरी बरगडी कळवळली.

"एका ठोशात झोपवलास की रे त्याला!"

"काका, जरा ऐका तरी..."

"वाजवा रे!"

ढोलापुढं कोणाचं काय चालणार? बोगुश हात हलवत घरापर्यंत चालत गेला.

दारात त्यानं बूट पुसले. पुन्हा एकदा पुसले. आईनं त्याला खुर्चीत बसवलं, फ्रीजरमधून बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पिएरोगींची गोठलेली पिशवी काढली आणि त्याच्या डोळ्यावर ठेवली.

"हरलास ना?"

"कोण म्हणालं?"

"जिंकला असतास तर चिखलासकट आत आला असतास."

बाहेर बँडनं तीच धून परत धरली.

"पण पडला तो खरंच," आई म्हणाली. "मी बघितलं ना."

ती चुलीकडं वळली. "आणि पिशवी फार दाबू नकोस. आत्ता तेच उकडायचेत."

बोगुशनं पिशवी दोन्ही हातांनी अलगद धरली.