हा प्रश्न आधी विचारलेला आहे

मास्तरांच्या बायकोचा नऊ वर्षांचा संसार एका मेलिंग लिस्टवर चालला होता, आणि ती लिस्ट महिनाअखेर बंद होणार होती.

तसा संसार बत्तीस वर्षांचा. पण त्यातली पहिली तेवीस वर्षं "हं", "बघू" आणि "ठेव तिथे" यांतच गेली. मास्तर तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. मशिनींच्या गोंगाटात दिवसभर ओरडून त्यांचा घसा बसायचा, म्हणून घरी आल्यावर ते तोंड उघडत ते फक्त जेवायला. माणूस वाईट नव्हता. नुसता बंद होता.

मापं टाकली की कपडा बेतून देणारं एक मोफत सॉफ्टवेअर होतं. त्याला मालक नव्हता; देशोदेशीची माणसं फावल्या वेळात ते लिहायची, सुधारायची आणि त्यावरून भांडायची. मास्तर त्यात कोड लिहीत नसत. त्याच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्या सभासदांना एकदम जाणाऱ्या मेलवर, लोकांचे प्रश्न येत, त्यांना ते उत्तरं देत. बायको घरी शिवणकाम करायची आणि तेच सॉफ्टवेअर वापरायची. नऊ वर्षांपूर्वी त्या सॉफ्टवेअरने तिला एका फ्रॉकसाठी सात बाह्या काढून दिल्या. तिने नवऱ्याला विचारलं. "बघू," ते म्हणाले. तीन दिवस उलटले तरी बघणं काही झालं नाही, तेव्हा तिने टोपणनावाने लिस्टवर मेल टाकली. चाळीस मिनिटांत दोन पानी उत्तर आलं. बाहेरच्या खोलीतून.

"नमस्कार ताई," अशी त्याची सुरुवात होती. "तुमचा प्रश्न अतिशय रास्त आहे."

नवऱ्याने ताई म्हणावं हे तिला पहिल्यांदा फार जड गेलं. पण ताईला जेवढं ऐकायला मिळत होतं तेवढं बायकोला जन्मात मिळालं नव्हतं, म्हणून तिने ते गोड मानून घेतलं. लिस्टवर तिचं नाव सातबाही पडलं. ती दर आठवड्याला विचारायची. बाही जिथे जोडतात तो मुंढा कसा खोल घ्यायचा, गळा का झोल मारतो. अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिला पाठ होती. तरी सुरुवातीला ती लिहायची, "नमस्कार मास्तर, कसे आहात?" आणि ते लिहायचे की आज कारखान्यात उकडत होतं, किंवा नव्या सुपरवायझरला सुती कापड आणि सुतळी यांतला फरक कळत नाही. ती स्वयंपाकघरात फोनवर वाचून हसायची. मधे एक भिंत होती, तेवढंच.

आता ज्या कॉलेजच्या तळघरात लिस्टचं मशीन होतं, त्यांना तळघर हवं होतं. म्हणून प्रश्नोत्तरांसाठी इंटरनेटवर नवी जागा निवडायला तिघांची समिती बसली. एक मास्तर. दुसरा मूळपुरुष, सॉफ्टवेअरची पहिली ओळ त्याने लिहिली होती आणि हे तो विसरू देत नसे. तिसरी कोर्टात टंकलेखन करणारी एक बाई, जिला सगळे शिस्तबाई म्हणत. रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत स्पीकरवर बैठक चालायची आणि मास्तरांची बायको आतल्या खोलीत काजं-बटणं करत ती इत्थंभूत ऐकायची.

"जागा मीच लिहून देतो," मूळपुरुष म्हणाला. "दीड वर्ष लागेल."

"महिना आहे हातात," शिस्तबाई म्हणाल्या. "ती गुणांची जागा घेऊ. लिस्टवरची जुनी उत्तरं मी चाचणीसाठी तिथे चढवलीत. चांगल्या उत्तराला गुण मिळतात. नमस्कार-चमत्कार ती आपोआप कापते. आणि विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला की बंद. लिस्टवर त्या सातबाहीने तोच मुंढा चौदा वेळा विचारलाय. मी मोजलंय."

आत बायकोच्या बोटाला सुई टोचली.

"त्या ताईंचं जरा तसं आहे," मास्तर म्हणाले. "पण विचारतात फार चांगलं."

बत्तीस वर्षांत तिच्याबद्दल इतकं चांगलं ते कधी बोलले नव्हते. आणि आता तेही बंद होणार होतं. नवी जागा आली की तिच्या प्रत्येक प्रश्नाला जुनं उत्तर दाखवलं जाणार, आणि जुनी उत्तरं तर तिच्याकडे होतीच. तिला नवीन हवी होती. तिला खरोखर भीती वाटली.

या मंडळींत एक पद्धत होती. ठराव मांडायचा आणि सात दिवस थांबायचं. कुणी हरकत घेतली नाही तर मंजूर. हरकत घेणाऱ्याने मात्र नुसतं तोंड वाजवायचं नाही. नव्या जागेवर खरा प्रश्न टाकून, खऱ्या मापांची फाइल जोडून अडचण दाखवायची. गुणांच्या जागेचा ठराव त्याच रात्री लिस्टवर मांडला गेला.

शनिवारी सकाळी मास्तर कामावर गेल्यावर ती कामाला लागली. "नमस्कार मास्तर, कसे आहात? गिऱ्हाइकाचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे. बाही कशी बसवू?" समोर उघड्या फाइलमधलाच खांदा तिने प्रश्नात उचलला होता, तीच फाइल तिने घाईघाईत जोडली. जागेने आधी नमस्कार कापला, मग कसे आहात कापलं, आणि खाली लाल पट्टी आली: हा प्रश्न आधी विचारलेला आहे. सोबत मास्तरांचं सहा वर्षांपूर्वीचं उत्तर.

तिने लिस्टवर हरकत लिहिली. एवढीच: "उत्तर सहा वर्षांपूर्वीचं आहे. खांदा आजचा आहे."

रविवारी बैठकीत शिस्तबाईंनी ती कोर्टातल्यासारखी वाचून दाखवली. "यात अर्थ नाही," मूळपुरुष म्हणाला. "मास्तर, फाइल बघून निकालात काढा."

मास्तरांनी फाइल उघडली. आतल्या खोलीत बायकोच्या एकदम लक्षात आलं की काल उघडी असलेली फाइल गिऱ्हाइकाची नव्हतीच. मास्तरांच्या जुन्या शर्टावरून मापं घेऊन ती त्यांच्यासाठी गुपचूप एक शर्ट शिवत होती. फाइलमध्ये नाव नव्हतं, पण अकरा मापं होती, आणि कटिंग मास्तर एक वेळ स्वतःचा चेहरा विसरेल, माप विसरणार नाही.

बाहेर माउसची क्लिक ऐकू आली, मग पुन्हा एकदा.

"मास्तर?" शिस्तबाई म्हणाल्या.

"हरकत मान्य," मास्तर म्हणाले. "जागा घ्या, पण तो आपोआप बंद करण्याचा नियम काढा. माप परत घेतल्याशिवाय कुठलाही प्रश्न जुना म्हणायचा नाही." मग खुर्ची सरकली.

ते दारात येऊन उभे राहिले. हातात टेप होती.

"अर्धा नाही," ते म्हणाले. "पाऊण झालाय."

"काय?"

"खांदा. तू अर्धा लिहिलायस. घे परत."

ते पाठमोरे उभे राहिले. तिने टेप लावली. पाऊण इंचच होता. एकाच घरात राहून तिला तो दिसला नव्हता, याचं तिला वाईट वाटलं.

"सात बाह्या तुझ्या?" त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"माझ्याच."

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं. बघू म्हणालात."

त्यांचे कान लाल झाले.

"नऊ वर्षं मी तुला ताई म्हणतोय," ते शेवटी म्हणाले.

"सवय झाली मला."

"आता विचार. काय विचारायचं ते."

तिने आठवून पाहिलं. मुंढा, गळा, बाही, सगळ्याची उत्तरं पाठ होती. जागेने कापलेलं तेवढंच एक उरलं होतं.

"कसे आहात?" ती म्हणाली.

"हं," ते सवयीने म्हणाले. मग वळले, शिवणमशीनपुढचं स्टूल ओढून बसले आणि टेप गुंडाळू लागले. "खांदा दुखतो. दोन वर्षं झाली. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सविस्तर सांगू?"

"सांगा," ती म्हणाली, आणि हातातला शर्ट बाजूला ठेवला.

बाहेरच्या खोलीत स्पीकरवर मूळपुरुष तिसऱ्यांदा विचारत होता, "मास्तर, आहात का?"