आवाज फाटायचा ती जागा

शेवटच्या दिवसांत आईला कोणीच ओळखू येत नव्हतं. भरवायला बसलेल्या आपल्याच दोन मुलांना ती अगदी अदबीने विचारायची, "तुम्ही कोणाची मुलं?" ती गेल्यावर थोरल्याने गिटार घेऊन त्या प्रश्नाचं गाणं केलं आणि धाकटी बहीण, चिऊ, ते गाऊ लागली. साथीला थोरल्याचा मित्र ढोल्या. नावाला ढोल्या, वाजवायचा मात्र एक लाकडी खोका, तोही तळहातांनी. कॉलेजची पोरं त्यांना इमो बँड, म्हणजे दुखरी गाणी गाणारा बँड, म्हणत. ढोल्या म्हणे, "रडारड कंपनी."

ध्रुवपदात 'कोणाची' या शब्दावर चिऊचा आवाज फाटायचा. ती मुद्दाम काही करत नव्हती, तो फाटायचाच. समोर जमिनीवर बसलेली मूठभर माणसं तेवढ्यापुरती हलायचीही थांबायची.

मग गाणी काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीने त्यांना बोलावलं. तिथला निर्माता मोठा मायाळू माणूस. गाणं ऐकून त्याने खरोखर डोळे पुसले आणि कामाला लागला. खोका गेला, ड्रम्स आले. कीबोर्डचे थरावर थर चढले, लय जवळजवळ दुप्पट झाली. चिऊच्या आवाजाची पडद्यावरची वेडीवाकडी रेघ त्याने माऊसने ओढली, तशी ती इस्त्री फिरवल्यासारखी सरळ झाली.

"तेवढं राहू द्या ना," थोरला म्हणाला. "तिथेच तर गाणं आहे."

"कळतं रे मला. पण इतकं रडवणारं गाणं माणूस पुन्हा लावत नाही."

थोरल्याने आशेने चिऊकडे पाहिलं. ती हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होती.

"दादा, असंच असू दे."

"अगं, पण ही तू वाटतच नाहीस."

"म्हणूनच. दर कार्यक्रमात आईचं ते विचारणं परत ऐकायचं... तू खाली मान घालून वाजवतोस. मला तोंड उघडावं लागतं. नाही जमत रे आता."

थोरल्याने निर्मात्याकडे वळून होकाराची मान हलवली.

गाणं तुफान चाललं. भरल्या मैदानात पोरं उड्या मारत ओरडायची, "तुम्ही कोणाची मुलं?" चिऊ माईक त्यांच्याकडे वळवून हसायची. अगदी मनापासून. थोरल्याला ते बघवत नसे, आणि तिचं ते हसू मोडायचा धीरही होत नसे.

एकदा आपलं सलून लवकर बंद करून बाबा कार्यक्रमाला आले. मंचावरून उतरल्या उतरल्या थोरला त्यांच्याकडे धावला.

"बाबा, वाईट वाटलं ना?"

"वाईट? अरे, तिला केवढं आवडलं असतं! लग्नाआधी काय नाचायची ती!"

आई नाचायची, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ते दुसऱ्या कोणाबद्दल तरी बोलताहेत असं त्याला वाटलं.

पुढच्या रविवारी दुपारी त्याने घरातली जुनी गिटार काढली. निदान एकदा, आपल्यापुरतं, पहिल्यासारखं वाजवावं. पण बोटं सुटली ती नव्या लयीतच. तो थांबला, डोळे मिटले, सावकाश पहिली तार छेडली. दुसऱ्या ओळीला पाय आपोआप ठेका धरू लागला.

आतून, कपड्यांच्या घड्या घालता घालता, चिऊने सूर धरला. स्वच्छ, गुळगुळीत, कुठेही न अडखळणारा.

"दादा, जरा वरच्या पट्टीत घे ना!"

त्याने पट्टी वर घेतली आणि वाजवत राहिला.