तिसऱ्यांदा मागितलेलं गाणं

टाळ्या वाजवणं हा माझा धंदा. हसू नका, व्हिएन्नात आमच्याशिवाय एकही संगीतिका उभी राहत नाही. माझी माणसं गॅलरीत विखुरलेली असतात. मी टोपी काढली की टाळ्या, रुमाल काढला की ‘पुन्हा, पुन्हा!’ मग बाकीचे प्रेक्षकही ओरडू लागतात. तीनदा मागितलं गेलेलं गाणं दुसऱ्या दिवशी कॉफीहाउसात वाजतं. जे कुणी पुन्हा मागत नाही, ते विसरलं जातं, आणि गाणारीही.

लिओंटीन वावराला मी तळघरातल्या कॅबरेपासून ओळखतो. तिथे ती मंत्र्यांची टिंगल करणारी गाणी म्हणायची, आणि कुणी मध्येच शेरा मारला की त्याची अशी फिरकी घ्यायची की तो टोपी विसरून पळायचा. पुढे मोठ्या थिएटरात तिला धोबिणीची भूमिका मिळाली. त्यातल्या तिच्या वॉल्ट्झने, त्या गिरकीच्या ठेक्यावरच्या गाण्याने, सगळं शहर वेडं केलं.

त्या वसंतात ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. आवाज बसलेला.

“पोकॉर्नी, माझ्यासाठी टाळ्या वाजवू नकोस.”

“डोकं फिरलं का तुझं?”

“गळ्यात गाठ आहे. डॉक्टर म्हणतो, एका खेळात वॉल्ट्झ एकदाच गा. उन्हाळ्यात थिएटर बंद झालं की कापू. त्याआधी ताण पडला तर आवाज कायमचा गेला.”

“मग सुट्टी घे ना बाई.”

“आणि ती माझी बदली नटी, हेडविग? माझे कपडे आत्तापासूनच अंगाला लावून बघते मेली. मी सुट्टी घेतली की धोबीण तिची. मला दुसरं काय येतं रे? कपडेसुद्धा धुता येत नाहीत.”

मी युक्ती केली. तिचा वॉल्ट्झ संपतो न संपतो तोच आम्ही पुढच्या प्रवेशातल्या विनोदी नटाला टाळ्या द्यायचो आणि ‘पुन्हा’ त्याच्या वाट्याला जायचं. तो ढेरपोट्या इतका फुगला की आरशासमोरून हलेना. लिओंटीनचा गळा वाचत होता.

मग तो रविवारचा दुपारचा खेळ. गळा जपायचा म्हणून ती अगदी हलकेच गायली, जणू स्वतःशीच. सगळं थिएटर गप्प झालं. मग जे उसळलं ते माझं नव्हतं. माझी माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. खऱ्या टाळ्या अशा असतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विनोदी नट बाहेर आला, त्याला लोकांनी हाकलून लावलं. तिला दुसऱ्यांदा गावं लागलं. शेवटी तिचा हात गळ्याकडे गेला. लोकांना अजून हवं होतं.

टाळ्या मोडायला आमच्याकडे एकच हत्यार असतं, शिट्टी; व्हिएन्नात शिट्टी म्हणजे गाणं पडलं. मी दोन बोटं तोंडात घातली. वाटलं, गोंधळ होईल, लोक आपसात भांडतील, तेवढ्यात ती सटकेल. ती पडद्याआड निघालीच होती. शिट्टी ऐकून थांबली. “त्या हरामखोराला बाहेर काढा!” लोक खवळले आणि दुप्पट जोराने टाळ्या पिटू लागले. तिने वळून वाद्यवृंदाला खूण केली.

दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला, मग उरलाच नाही. ओठ हलत होते, व्हायोलिनं वाजत होती. लोकांना तो अभिनय वाटला. त्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

इस्पितळात तिच्या तोंडून नुसती हवा निघत होती. मी कान तिच्या ओठांजवळ नेला.

“तुझी शिट्टी मी झोपेतही ओळखीन,” ती म्हणाली. “बाकीच्यांचं सोड. तू मारलीस, म्हणजे मी वाईट गायले असणार. तशी कशी आत जाऊ? म्हटलं, आता नीट गाऊन दाखवते.”

तिने माझी बाही ओढली.

“खरं सांग. फार वाईट झालं का रे?”

“नाही गं. तसं गाणं मी जन्मात ऐकलं नाही. तू थांबावंस म्हणून मारली शिट्टी, तुझ्या गळ्याची शपथ.”

ती माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसली, आणि माझा हात थोपटला. माझं एक अक्षरही तिला खरं वाटलं नव्हतं.