खुर्च्यांसाठी एक दाबा

दुफीने नव्या फोनची वायर उपसली, नीट गुंडाळली आणि फोन अन्साहच्या पुढ्यात सरकवला.

"घेऊन जा. सही व्हायची नाही माझी."

इंटरनेटवर चालणारे फोन विकणारा अन्साह टाय सैल करत प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. अशा तीनशे खुर्च्या आणि नऊ मंडप दुफी आपल्या 'देवाची वेळ' या दुकानातून मयताच्या कार्यांना भाड्याने देत असे. कुमासी शहराच्या या गल्लीत तिने सही केली असती, तर मागून सगळी गल्ली आली असती.

"आंटी, चारच दिवस झालेत. नव्याचे नऊ दिवस तरी भरू द्या."

"चार दिवसांत अर्धी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. नऊ दिवसांत मीच तिथे खुर्च्या पुसायला जाईन."

खरं तर फोन तिनेच मागवला होता. शनिवारच्या कार्यांसाठी गुरुवारी सगळं गाव एकदम फोन करायचं. एकाशी बोलावं तर चौघांना लाइन लागायची नाही आणि ते समोरच्याकडे जायचे. या फोनवर पाच जण एकाच वेळी येऊ शकत होते. उचलायला कुणी नसलं, तर दुफीच्याच आवाजात यंत्र बोलायचं आणि पलीकडचं बोलणं टिपून ठेवायचं. ते एवढंसं बोलणं अन्साहने तिच्याकडून सात वेळा म्हणवून घेतलं होतं. नंबर मात्र जुनाच ठेवला होता.

पण दुकानाला पूर्ण फोन करतो कोण? एक रिंग द्यायची, कापायची आणि दुकानाने उलट फोन करायची वाट बघायची, ही इथली रीत. यंत्राला रीत कुठली? ते पहिल्या रिंगलाच उचलायचं. काल चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्षीण दुकानात येऊन कडाडली होती, "मी मिसकॉल दिला, तर तुझ्या यंत्राने उचलला! वर मला म्हणतं, एक दाबा. माझे पैसे गेले आणि दाबू काय?"

दुफीने तिला थंड पाणी दिलं आणि त्याच वेळी मनाशी ठरवून टाकलं.

"सगळ्यांनाच नकोसा झालाय असं नाही," अन्साह हातातला टॅब उघडत म्हणाला. टॅबवर चार दिवसांच्या फोनांची यादी होती. "हे बघा, एक गिऱ्हाईक रोज सकाळी सहाला फोन करतं. रोज एक दाबतं, म्हणजे खुर्च्यांची ऑर्डर. परवा सहा मिनिटं बोललं, आज अकरा. मोठं घराणं दिसतंय, आंटी."

दुफीने चष्मा लावून नंबर पाहिला.

तो तिच्या आईचा होता. माम्पाँगपलीकडच्या गावात आई एकटीच राहायची. रोज सहाला एक रिंग द्यायची. म्हणजे मी उठले, गुडघे ठीक आहेत, काळजी नको. दुफी उलट एक रिंग द्यायची. म्हणजे कळलं. एका शब्दाचाही खर्च न करता नऊ वर्षं दोघींचं चाललं होतं. या चार दिवसांतही दुफीने रोज फोनवरच्या यादीत आईचा नंबर पाहून उलट रिंग दिली होती. किती मिनिटं, ते वाचायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"ऐकव," ती म्हणाली.

अन्साहने आवाज मोठा केला. आधी कोंबडा आरवला. मग आई बोलू लागली.

"दुफी, हे यंत्र आहे हे मला ठाऊक आहे. म्हातारी झालेय, खुळी नाही. पण आवाज तुझा आहे, आणि हे कधी म्हणत नाही की आई, दुकानात गिऱ्हाईक आहे, नंतर बोलू." मग शेजारणीच्या बकरीने अळूचा वाफा कसा फस्त केला ते आलं. दुखरा दात आला, नवा पाद्री किती लांबण लावतो तेही आलं. शेवटी आई म्हणाली, "खुर्च्या मला एवढ्यात नकोत हं. दुसरं काही दाबून तुझ्यापर्यंत पोचता येत असेल तर सांग."

अन्साहने टॅबचा आवाज बंद केला. दुफीने चष्मा काढून कपड्याच्या टोकाने पुसला आणि तो हातातच धरून बसली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि आईचं हसूही आलं.

"हे यंत्र पाच रिंगा थांबेल का?"

"थांबेल की. सांगायचं तरी, आंटी! मग मिसकॉल मिसकॉलच राहील."

"आणि हा एक नंबर यंत्राकडे जायला नको. थेट माझ्या मोबाइलवर येऊ दे."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"मग दे तो कागद."

तिने सही केली, तोवर अन्साहने टॅबवर दोन्ही बदल केले. वायर उलगडून स्वतःच पुन्हा जोडली आणि नव्या फोनवरूनच आईला फोन लावला. दोन रिंगा झाल्या आणि पलीकडून फोन कापला गेला. लगेच तिच्या मोबाइलवर आईची एक रिंग वाजली आणि थांबली. मी ठीक आहे.

"उचलायचं असतं हेच ठाऊक नाही तिला," दुफी म्हणाली आणि पुन्हा फोन लावला. आईने पुन्हा कापला. तिसऱ्या वेळी मात्र आईने घाबरून उचलला.

"काय झालं? कोण गेलं?"

दुफीने घसा साफ केला. सात वेळा म्हणून पाठ झालेल्या त्याच गोड आवाजात ती म्हणाली, "देवाची वेळ खुर्ची-मंडप. आपलं स्वागत आहे. खुर्च्यांसाठी एक दाबा. दुफीसाठी दोन."

पलीकडे कोंबडे आरवत होते. दारात कुणी बाई येऊन उभी राहिली, मयताच्या काळ्या-लाल कपड्यांत, घाईत. दुफीने तिला हातानेच बसायला सांगितलं.

मग तिच्या कानात बटण वाजलं, आणि थोड्या वेळाने, खात्री करून घ्यावी तसं, आणखी एकदा.