उभ्यांची बाजू

"आई, तुझी सीट बुक झालीये," वैदेही म्हणाली. "फॅमिली ब्लॉक, वर छप्पर, पाठीला गादी आणि टॉयलेट अगदी जवळ. आता नाही म्हणू नकोस."

मी कणीक मळत होते. डाव्या मनगटात अजून जोर येत नाही, त्यामुळे सगळं उजव्या हातावर. ते तिला दिसू नये म्हणून मी तिच्याकडे पाठ करून उभी होते, पण पोरगी माझीच आहे, तिला दिसलं.

"कुणाला विचारून बुक केलीस?"

"वाढदिवसाचं गिफ्ट आहे. गिफ्ट काय विचारून देतात?"

"मी पायऱ्यांवर उभी राहून बघते मॅच. सगळ्या जगाला माहीत आहे."

"नवीन स्टेडियममध्ये पायऱ्या नाहीत, आई. उभं राहायचा भाग आहे, पण तिथे पासष्टच्या वरच्यांना घेत नाहीयेत. तसा रूलच केलाय क्लबने."

हे मला नवीन होतं. मी हात धुतले.

आमच्या क्लबचं नाव रायगर, म्हणजे डचमध्ये बगळा. विमानतळाशेजारी बाडहूव्हडॉर्प या डच गावात राहणाऱ्या माझ्यासारखीला सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर त्याचं जुनं मैदान आहे. मोठ्या क्लबांच्या गडबडीत आम्हाला कुणी विचारत नाही. एक वर्ष वर चढतो, दुसऱ्या वर्षी मुकाट्याने खाली येतो. खेळाडूंच्या छातीवर एका पायावर उभा असलेला निळा बगळा आहे, आणि गोलच्या मागे सिमेंटच्या उघड्या पायऱ्या आहेत. तिथे कुणी बसत नाही. आता ते सगळं पाडून हायवेजवळ नवीन स्टेडियम उभं राहत होतं.

उभं राहण्याचं मला कौतुक नाही. आयुष्यभर तेच केलं. विमानात जे जेवण देतात त्याच्या किचनमध्ये मी कामाला होते. पट्ट्यावरून ट्रे येत आणि मी त्यात बन आणि लोणी ठेवायची. ते उभ्याने. घरी यावं तर नवऱ्याला, अरुणला, माणसांचा सोस. लायडनला शिकणारी मुलं, आइंडहोव्हनचे इंजिनिअर, कुणाची नवी बायको, सगळ्यांना आमच्याकडे वरणभात. मी दारातच "बसा बसा" म्हणायची, आणि सगळे बसले की उभ्याने वाढायची. तेव्हा मला कुणी खुर्ची दिली नाही. मलाही सुचलं नाही, खोटं कशाला बोलू?

अरुण गेला तेव्हा मात्र सगळ्यांनी मिळून मला बसवलं. सोफ्याच्या कोपऱ्यात. "काकू, तुम्ही उठू नका, बसा." चहा हातात, पाणी हातात. मी बसून राहिले आणि मला रडू येईना. लोक म्हणाले, किती धीराची आहे. कसला धीर! मी आतून पार दगड झाले होते.

मग एका रविवारी कॉर आला. कॉर आमच्याच गल्लीतला. किचनमधून विमानापर्यंत ट्रेचा ट्रक न्यायचा. त्याने सांत्वन वगैरे केलं नाही. "कोट घाल, सू," एवढंच म्हणाला. सुनेत्रा म्हणणं त्याला कधी जमलं नाही. त्याने मला पायऱ्यांवर नेलं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी शेवटी समोरच्यांनी गोल केला आणि आमच्या बाजूचे सगळे ओरडले. मीही ओरडले, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागले, तोंड उघडं टाकून, मोठमोठ्याने. कुणी मला बस म्हटलं नाही. कुणी पाणी आणलं नाही. सगळ्यांचंच वाटोळं झालं होतं. कॉरने खिशातून रुमाल काढला, स्वतःचं नाक पुसलं आणि परत खिशात ठेवला.

तेव्हापासून मी तिथे जाते. त्या पायऱ्या माझ्या आहेत.

"आणि हा नियम अचानक कुठून आला?" मी वैदेहीला विचारलं.

ती मोबाइलशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तू पडलीस ना, तेव्हा मी क्लबला मेल केला होता. फक्त एवढंच लिहिलं होतं की वयस्कर लोकांची काळजी घ्या. मला काय माहीत ते रूलच करतील?"

जानेवारीत आम्ही अगदी शेवटच्या मिनिटाला गोल केला होता. मागचे लोक पुढे लोटले, कॉर माझ्या अंगावर आला आणि मी मनगटावर पडले. हॉस्पिटलात प्लास्टर घालताना मी नर्सला विचारलं, गोल मान्य झाला ना? वैदेहीला त्यात काही विनोदी वाटलं नाही.

आपल्याकडे तक्रार केली की ती कुठेतरी पडून राहते आणि करणारा मोकळा होतो. इथे तिचा नियम होतो. वैदेही इथे वाढली, झाउदासला, त्या उंच ऑफिसांच्या भागात, मोठ्या बँकेत बसते, आणि तक्रार मात्र आपल्या पद्धतीने केली, मनावरचं ओझं उतरवायला. आता तिच्या त्या मेलपायी कॉर आणि माझ्या बरोबरीचे सगळेच उभ्यांच्या बाजूतून हद्दपार. मला भयंकर राग आला. तरी पोळ्या केल्या. ती तिच्या घरून, बुइटनव्हेल्डर्टहून, उपाशी आली होती.

गुरुवारी क्लबच्या कँटीनमध्ये सभा होती. वैदेही म्हणाली, मी सोडते तुला. सोडते म्हणजे लक्ष ठेवते, हे मला कळत होतं. टेबलावर नव्या स्टेडियमचा पांढरा नमुना मांडला होता आणि प्रत्येकाला कॉफीबरोबर एकच बिस्किट होतं. कॉर आधीच येऊन भिंतीला टेकून उभा होता. मला पाहून त्याने मान हलवली, पण जवळ आला नाही.

क्लबतर्फे मार्लोस नावाची तरुण बाई बोलत होती. उभ्यांच्या बाजूला प्रत्येक रांगेपुढे कमरेइतका लोखंडी कठडा येणार. कठड्याला मिटलेली खुर्ची असेल, पण मॅचच्या वेळी ती कुलूपबंद. म्हणजे मागचा कितीही उसळला तरी पुढच्याच्या अंगावर येणार नाही. टीनुस नावाचा ढोल वाजवणारा आडदांड माणूस म्हणाला, "ही बाजू अजून मोठी करा. बसून कुणी गातं का?" एक आई म्हणाली, पुढचे उभे राहिले की माझ्या मुलांना दिसत नाही. बरीच वादावादी झाली, पण ती इथली वादावादी, एकेकाने हात वर करून.

मग मार्लोसने वयाचा नियम सांगितला. "गेल्या हिवाळ्यात एका वृद्ध बाईंना गंभीर दुखापत झाली," ती म्हणाली. "तसं पुन्हा कुणाला होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे."

वैदेहीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला आणि उठले.

"ती बाई मी," मी म्हणाले.

माझं डच किचनमधलं आहे. क्रियापदं कुठेही जातात, पण पट्ट्याच्या आवाजात बोलून बोलून आवाज मात्र खणखणीत झालेला.

मार्लोस गोरीमोरी झाली. "मेफ्राउ, तुम्ही बसून बोललात तरी चालेल."

"मला नाही चालणार. मी पडले, कारण माझ्यापुढे धरायला काही नव्हतं. आता तुम्ही धरायला कठडा लावताय. म्हणजे माझ्यासारखीसाठीच लावताय ना? आणि मलाच तिथे येऊ देत नाही. हा टीनुस चार बिअर पिऊन डोलतो, त्याला कठडा. मी शुद्धीत असते, तर मला गादी." लोक हसले. टीनुस सगळ्यात जास्त हसला. "ज्याला उभं राहवत नाही त्याला खुर्ची जरूर द्या. पण आधी त्याला विचारा. मला कुणी विचारलं नाही. आयुष्यभर कुणी विचारलं नाही, आणि आता निदान फुटबॉलमध्ये तरी मला विचारलं गेलं पाहिजे."

टाळ्याबिळ्या झाल्या नाहीत. मार्लोस म्हणाली, गेमेंटेशी, म्हणजे नगरपालिकेशी, आणि विमावाल्यांशी बोलून बघू. पुढच्या माणसाने सायकली कुठे लावायच्या ते विचारलं. मी मात्र सभा संपेपर्यंत बसले नाही. गुडघे बोंबलत होते. तरी नाही बसले.

परत येताना गाडी वैदेही चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच म्हणाली, "तू पडलीस तेव्हा फोन मला आला होता, आई. बाबांच्या वेळीही मलाच आला होता."

माझा राग जिथल्या तिथे विरघळला. या मुलीने एकटीने दोन फोन उचलले होते आणि मी एकदाही तिला त्याबद्दल विचारलं नव्हतं.

"मला कळतंय गं," मी म्हणाले. "तरी मी उभी राहणार."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि सिग्नल सुटला.

उन्हाळ्यात नियम मागे घेतला गेला. कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. ही बातमी वैदेहीनेच फोनवर दिली. सीट तिने परत केली होती. मी शंकरपाळ्यांचा डबा घेतला आणि तडक कॉरकडे गेले. म्हटलं, जिंकलो.

कॉरने डबा घेतला, पण उघडला नाही.

"सू, मी खुर्ची घेतली आहे," तो म्हणाला.

"नियम गेला, कॉर. आता कशाला हवी?"

"नियमामुळे नाही घेतली. मी स्वतः मागितली, तू प्लास्टरमध्ये होतीस तेव्हाच. मला त्या दिवशी कुणी ढकललं नव्हतं. गर्दी माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. माझे गुडघे गेले आणि मी तुझ्यावर पडलो." तो खिडकीबाहेर बघत होता. "सभेत सांगणार होतो. पण तू इतकी छान भांडत होतीस. तुझ्यावर पुन्हा पडायचं नाही मला."

मला त्याचा राग आला, त्याच्या गुडघ्यांचा आला, आणि स्वतःचाही. म्हणजे इतकी भांडले ती कुणासाठी? घरी येईस्तोवर मनात तेच चाललं होतं. कुलूप उघडताना उत्तर मिळालं. माझ्यासाठी. आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं.

नव्या स्टेडियममधली पहिली मॅच सप्टेंबरात झाली. कठडा गार होता आणि छान घट्ट होता. कॉरच्या जागी एक उंच मुलगी उभी होती. तिने अदबीने विचारलं, तुमच्यासाठी खुर्ची उघडून द्यायला सांगू का? मी नुसतं तिच्याकडे बघितलं. तिने पुन्हा विचारलं नाही. दहाव्या मिनिटालाच आम्ही गोल खाल्ला. मी मराठीत रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि सवयीने उजवीकडे बघितलं, कॉर काय म्हणतो ते ऐकायला.

मध्यंतरात डबा घेऊन मी स्टेडियमला अर्धा वळसा घालून पलीकडे गेले. तिथे सगळं शांत होतं, लोक मांडीवर ब्लँकेट घेऊन बसले होते. कॉरने मला लांबून पाहिलं. पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून तो उठायला लागला. मागचा माणूस म्हणाला, "बस की, कॉर, ती येतेय ना इथे." त्याने ऐकलं नाही. अर्ध्यावर येऊन थांबला, दम घेतला, पुन्हा जोर लावला.

दारात आलेल्या प्रत्येक माणसाला आजवर मी बसा म्हणत आले. त्याला म्हटलं नाही. डब्याचं झाकण उघडून मी तिथेच थांबले, तो पूर्ण सरळ उभा राहीपर्यंत.